न वाजलेली राणीछाप

१

चिंचेच्या कोळाने चांदी घासायचं काम कोकिळा कधी दुसऱ्या कोणाच्या हाती देत नसे. या घरात आपल्याला बिनचूक जमणारं तेवढं एकच काम आहे, असं तिचं स्वतःबद्दलचं प्रामाणिक मत होतं. भाकरी थापली तर कडा फाटत, वरणात मीठ कमी पडे, आणि रंजूला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं म्हटलं की पोरीआधी हिलाच रडू फुटे. वर्ध्याच्या कॉलेजात बी.ए. करताना तर्कशास्त्रात तिला चांगला सेकंड क्लास मिळाला होता. पण नाचणगावच्या त्या कवेलूंच्या, कौलारू घरात तर्काने ना भाकरी फुगत होती, ना पोर झोपत होती. चांदी मात्र घासली की चकाकायची. कारण आणि कार्य, मधे कोणी नाही.

अठ्ठ्याहत्तर सालचा हिवाळा होता. दुसऱ्या दिवशी रंजूचं उष्टावण होतं, म्हणजे दुधाशिवायचा पहिला घास. सासूबाईंनी, शकुंतलाबाईंनी, दुपारीच लक्ष्मीपूजनाचा पितळी डबा तिच्यापुढे आणून ठेवला. डब्यात इंग्रजांच्या काळचे, चांदीचे राणीछाप रुपये होते. घरची रीत अशी, की राणीच्या रुपयावर खीर घेऊन ती बाळाच्या जिभेला लावायची, आणि त्याआधी तो रुपया बाळाच्या कानाशी पाट्यावर टाकून वाजवायचा. पोराचा आवाज तसाच खणखणीत व्हावा म्हणून.

"चांगला पाहून काढजो एक," सासूबाई म्हणाल्या. "रंजूच्या बापाचा गळा पाह्य ना. दुकानातून हाक मारली त स्टेशनावर ऐकू जाते."

"माझा आवाज नाही बाई तसा."

"तुयी माय शिकली-सवरली. तिनं चमच्यानं खाऊ घातलं असन तुले."

कोकिळेने हसून खाली मान घातली. रुपये काळे पडले होते. एक मात्र बाहेर आला तो लख्ख. त्याला चिंच लावायचीही गरज नव्हती. हाताला जरा हलका वाटला. पण तिच्या हाताला त्या दिवसांत झोपेअभावी सगळंच हलकं नाहीतर जड वाटे. बाकीच्या रुपयांवरची राणी मुकुट घातलेली, जड पापण्यांची, हिशेबाला बसलेल्या सासूसारखी. या रुपयावरची हनुवटी बारीक होती, गाल भरलेला होता, ओठ किंचित उघडे. तरुणपणीची असेल, कोकिळेने ठरवलं. राण्याही कधीतरी लहान असतात.

तिने तोच रुपया बाजूला काढून ठेवला. घासायचा एक वाचला, एवढाच विचार त्यामागे होता.

२

उष्टावणाला गल्लीतल्या बाया जमल्या. कोकिळेचा नवरा चंद्रभान पुलगावच्या कापडदुकानाची किल्ली हातात खेळवत दारातच उभा होता. "आटपा व माय, गिऱ्हाईक खोळंबून राह्यलं," असं तो आईला दोनदा म्हणाला.

समोरच्या खोलीत पाट मांडून शेजारी दगडी पाटा ठेवला होता. त्या खोलीमागे मधली खोली, आणि तिच्यामागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीला खिडकी नव्हती. दोन दारं होती, एक समोर उघडणारं आणि एक स्वयंपाकघरात. तिथे ज्वारीची पोती, गाद्या-वाकळांची थप्पी आणि कोकिळेच्या माहेरची ट्रंक असे. दिवसाही आत जायचं तर हाताने चाचपडत जावं लागे.

सासूबाईंनी रंजूच्या कानाशी रुपया धरला आणि पाट्यावर सोडला.

रुपया पाट्यावर पडला. कोकिळेने तो पडताना पाहिला, एकदा उसळून आडवा झालेला पाहिला. ऐकला मात्र नाही.

"वाजला का व?" सासूबाईंनी विचारलं.

"वाजला असन जी," भांडी घासायला येणारी धुरपता म्हणाली. "बायाच इतक्या कल्ला करून राह्यल्या, त काय ऐकू येते!"

आणि तेवढ्यात आला आवाज. खणखणीत, लांबलेला, ऐकत राहावा असा. "हे पाहा! वाजला की!" बाया हसल्या. कोकिळाही हसली, पण तिची नजर पाट्यावर होती. रुपया तिथे केव्हाचा निपचित पडला होता, आणि आवाज मधल्या खोलीतून आला होता.

कवेलूंचं घर, वरून मोकळं. आवाज फिरून येत असेल. तर्क जागेवर होता. सासूबाईंनी रुपयावर खीर घेतली आणि रंजूच्या जिभेला लावली. रंजूने तोंड मिटलं, डोळे मोठे केले आणि ती नव्या चवीने खूश होऊन दोन्ही हिरड्या दाखवत हसली.

ते हसूही जरा उशिरा आलं. मधल्या खोलीतून.

३

त्यानंतर रंजूच्या रडण्याचा आवाज आला की कोकिळा मधल्या खोलीकडे धावू लागली. आत पोती आणि वाकळा. मागे वळून पाहावं, तर रंजू समोरच्या खोलीत झोळीत, तोंड वासलेलं, चेहरा लालबुंद, कानांपर्यंत ओघळलेलं पाणी. त्या उघड्या तोंडातून काहीच येत नव्हतं.

पहिल्या दिवशी तिने दोष कानाला दिला, दुसऱ्या दिवशी झोपेला. तिसऱ्या दिवशी दोष देण्यासारखं अंगात काही उरलं नाही, तेव्हा नवरा जेवायला बसल्यावर तिने विषय काढला.

"अहो, रंजूचा आवाज मधल्या खोलीतून येतो."

"मंग मधल्या खोलीत असन ती."

"ती माझ्या मांडीवर होती."

चंद्रभानने घास खाली ठेवला. त्याने खालच्या आवाजात विचारलं, "तू जेवली का?"

तो वाईट माणूस नव्हता. कापड फाटलं की ते कुठून फाटलं हे तो लगेच सांगे. बायकोत तशी जागा त्याला सापडली होती, आणि तो बिचारा काळजीने तिथे बोट ठेवत होता. तीही तिथेच बोट ठेवत होती, म्हणून तिला रागही येईना.

मग तर्कशास्त्राच्या विद्यार्थिनीने करायचं ते तिने केलं. मधल्या खोलीची दोन्ही दारं लावून घेतली आणि रंजूला घेऊन समोर बसली. रंजू रडली तेव्हा आवाज दाराआडून आल्यासारखा दबका आला. मग ती पोरीला घेऊन मधल्याच खोलीत जाऊन बसली, अंधारात, पोत्याला टेकून. आता आवाज स्वयंपाकघरातून आला. ती स्वयंपाकघरात गेली. आवाज पुन्हा मधल्या खोलीत.

म्हणजे खोलीत काही नव्हतं. रंजूचा आवाजच नेहमी शेजारच्या खोलीत असायचा. सिद्धांत सोपा होता. तो सुचल्यावर कोकिळेने पोरीला इतकं घट्ट धरलं, की ती पुन्हा रडली, आणि भिंतीपलीकडे कोणीतरी रडलं.

४

पुलगावचे डॉक्टर चांगले होते. त्यांनी रंजूचा घसा पाहिला, कानाशी टिचकी वाजवली. रंजूने मान वळवली.

"ऐकू येतं, घसा साफ आहे. रडत नाही म्हणता?"

"रडते हो डॉक्टर. पण..." पुढचं वाक्य तिने बसमध्ये तीनदा जुळवलं होतं. ते इथे बोलण्याजोगं नव्हतं.

"तिसरं इंजेक्शन राहिलंय ना? देऊन टाकू, आत्ताच कळेल."

सुई मांडीत गेली. रंजूचं अंग ताठ झालं, तोंड उघडलं, जिभेचं टोक थरथरलं. खोलीत पंख्याची घरघर तेवढी.

"वा! शूर आहे हो पोरगी!" डॉक्टर म्हणाले. आणि पडद्यामागच्या कंपाउंडरच्या खोलीतून काळीज चिरणारी किंकाळी आली. तिच्यामागून श्वास अडकवत, हुंदके देत रडणं.

डॉक्टरांनी वैतागून मान मागे केली. "महादेवराव, कोणाचं पोर घेऊन बसलात आत?"

कंपाउंडर औषधाची बाटली हातात घेऊन पडद्याबाहेर आला. "आत कोणी नाही साहेब. मला वाटलं, तुमच्याकडचं रडून राह्यलं."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग दोघे हसले. दवाखान्यात पोरांच्या रडण्याला काय तोटा! डॉक्टरांनी टॉनिक लिहून दिलं. चिठ्ठीवर नाव कोकिळेचं होतं.

५

रुपया तिने रुमालात बांधून आणलाच होता. का आणला, हे तिने स्वतःला सांगितलं नव्हतं. दवाखान्यातून ती सराफाकडे गेली. ताराचंदजी सराफ चंद्रभानच्या ओळखीचे. त्यांनी रंजूला "या, छोट्या शेठाणी" म्हणून गादीवर बसवलं आणि रुपया तळहातावर तोलला.

"हा तुम्हाले कोनं दिला, वहिनी? चांदी नाई ही. पितळेवर कलई मारलेली." त्यांनी डोळ्याला भिंग लावलं. बोलता बोलता त्यांची थट्टा हळूहळू गळत गेली. "अन् ही राणी नाई. ही त पोरगी आहे एखादी. मुकुट घातला, पण डोक्याले मोठा होऊन राह्यला. अक्षरं पाहा बरं, तुम्ही शिकल्या आहात."

कोकिळेने भिंगातून पाहिलं. कडेने इंग्रजीसारखी अक्षरं होती. एकेक ओळखू येत होतं, सगळी मिळून शब्द होत नव्हता. मागच्या बाजूला वेलबुट्टी होती, आणि जिथे किंमत आणि साल असायचं तिथे कोरी गुळगुळीत जागा.

"राणीच्या काळी विलायतेत साहेबाची पोरं दुकान-दुकान खेळत," ताराचंदजी म्हणाले. "त्याहीच्यासाठी असे खोटे पैसे बनत. खेळण्यातले. मी पाह्यले, नखाएवढे असतात, पातळ, फुंकर मारली त उडतात. पण हा रुपयाएवढा, रुपयाच्या जाडीचा. असा नाई पाह्यला." त्यांनी तो उलटसुलट केला. "खेळातल्या पैशानं खेळातलीच चीज येते. याच्यानं काय घेत असतील, बुवा?"

हे ते सहज बोलले. मग सवयीने रुपया उचलून समोरच्या दगडी पाटीवर टाकला.

तो पडला. ताराचंदजींचा कान पुढे झाला तो तसाच राहिला. जन्मभर नाणी ऐकणारा माणूस, त्याला न ऐकण्याची सवय नव्हती. आणि मग आतल्या खोलीतून, भट्टीच्या बाजूने, लखलखीत आवाज आला.

"बंडूजी! काय पाडलं?" ताराचंदजी ओरडले.

"काही नाई जी," आतून कारागीर म्हणाला. "मी त फुंकणी मारून राह्यलो. तुम्हीच त पाडलं काहीतरी तिथं."

ताराचंदजींनी कोकिळेकडे पाहिलं नाही. रुपया रुमालात ठेवून त्यांनी गाठ मारली, आणि ती गाठ पुन्हा एकदा मारली.

"काका, वितळवून टाका ना हा," ती म्हणाली. आपला आवाज इतका गयावया करणारा आहे, हे तिला त्या दिवशी कळलं.

"भट्टी आतल्या खोलीत आहे, वहिनी," ताराचंदजी म्हणाले. रुमाल त्यांनी तिच्याकडे सरकवला.

६

सासूबाईंना सगळं सांगताना कोकिळेने टोमण्याची तयारी ठेवली होती. शकुंतलाबाई मात्र चुलीपुढे बसूनच राहिल्या.

"मी म्हटलं, मी बहिरी होऊन राह्यली," त्या म्हणाल्या. "पोरगी मायाजवळ अन् रडणं दूर. कोनाले सांगतलं नाई. म्हातारीले ऐकू येत नाई म्हटलं, की तिले कोनी काही सांगत नाई."

दोघी बायका किती दिवस एकाच घरात, एकेकट्या, आपापल्या कानांना दोष देत होत्या. कोकिळेला एकदम त्या म्हातारीचा हात धरावासा वाटला. तिने धरला. सासूबाईंनी तो काही वेळ धरू दिला आणि मग नाक पुसायला सोडवून घेतला.

तो रुपया सासूबाईंनी मागच्या विहिरीत नेऊन टाकला.

"आवाज आला का, आत्याबाई?" कोकिळेने सासूला विचारलं.

"विहीर खोल हाय," सासूबाई म्हणाल्या.

मग त्यांनीच मार्ग काढला. उष्टावण खोट्या रुपयावर झालं, म्हणजे झालंच नाही. पुन्हा करायचं, खऱ्या रुपयावर. बाया नाहीत, कल्ला नाही. भर दुपारी खीर शिजली. सासूबाईंनी काळा पडलेला, जड पापण्यांच्या राणीचा रुपया घेतला, रंजूच्या कानाशी धरला आणि सोडला.

खण्ण! पाट्यावरच. त्यांच्या हाताखालीच. कोकिळेच्या डोळ्यांत पाणी आलं. इतका साधा आवाज इतका गोड लागतो, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी खीर जिभेला लावली. रंजूने ती तोंडात धरली. धरून ठेवली. गिळली नाही. पांढरा ओघळ हनुवटीवरून खाली आला, झबल्यात जिरला. आणि मधल्या खोलीत मिटक्या मारल्याचा आवाज आला. सावकाश, चवीने. त्यामागून समाधानाचा एक बारीक हुंकार.

सासूबाईंच्या हातातला रुपया गळून पडला. तो वाजला, लोळत गेला, पुन्हा वाजला. कोणी उचलला नाही.

रंजू आता रडत होती. मधल्या खोलीत मात्र हसू चाललं होतं.

७

तेव्हापासून रंजूचा आणि त्या आवाजाचा मेळ तुटला. रंजू झोपलेली असताना पलीकडे बडबड चाले. रंजू भुकेने तोंड वासे तेव्हा पलीकडे खिदळणं. पुढे रंजूने तोंड उघडणंच कमी केलं. दूध पिई, आईकडे पाही, नाहीतर मधल्या दाराकडे. एखाद्या घरी पाहुणी आल्यासारखी शांत. "गुणाची हो पोर, आवाज म्हणून नाई," असं बाया म्हणत, आणि कोकिळा मान डोलवी. कापसाचा सीझन लागला होता; शेतकऱ्यांच्या हाती पैसा आला की चंद्रभानच्या दुकानात कापडाला गर्दी. तो दुकानातच मुक्कामाला राहू लागला. एकदा जाता जाता म्हणाला, "ते दार लावून ठेवत जा." कोणतं, ते त्याने सांगितलं नाही. म्हणजे त्यालाही ऐकू आलं होतं.

कोकिळेने माहेरी जाऊन पाहिलं. जाम या गावी तिच्या वडिलांचं दुकान-घर होतं, हायवेवर, रात्रंदिवस ट्रकांचा गोंगाट. त्या गोंगाटातही पहिल्या सकाळी आई म्हणाली, "शेजारच्या खोलीत केव्हाची रडून राह्यली रंजू, उचल ना तिले." रंजू तेव्हा आजीच्या पाठीमागेच, त्याच खोलीत पाळण्यात होती. कोकिळा पुढच्याच बसने परत आली.

सगळ्यात वाईट गोष्ट तिने सासूबाईंनाही सांगितली नाही. एका सकाळी पलीकडे "द-द-द" सुरू झालं. नवं, ओलसर, स्वतःवरच खूश. कोकिळा तवा सोडून दाराशी गेली. कान लावून उभी राहिली. किती वेळ, कोण जाणे; भाकरी जळल्याचा वास आला तेव्हा भानावर आली. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण हसत होतो. कोणत्याही आईने हसावं तसं. आणि मागे सतरंजीवर रंजू बसलेली होती, आईची पाठ पाहत.

८

चतुर्थीला सासूबाई केळझरच्या गणपतीला गेल्या. नारळ, दूर्वा आणि रंजूचं एक झबलं बरोबर घेतलं. "येतो संध्याकाळपरेंत," म्हणाल्या. धुरपता मागच्या अंगणात राखेने भांडी घासत होती. कवेलूंच्या फटींतून उन्हाच्या काड्या पडल्या होत्या. समोरच्या खोलीत कोकिळा रंजूला कडेवर घेऊन फिरत होती, काहीतरी गुणगुणत, आपण गुणगुणतोय हे ऐकत. हल्ली ती स्वतःचं सगळंच ऐकून पाही.

"आई."

ती थांबली.

स्पष्ट शब्द होता. पहिला. या शब्दासाठी बायका महिनोन् महिने पोरांच्या तोंडासमोर तोंड धरून बसतात. कोकिळेने खाली पाहिलं. रंजूचे ओठ मिटलेले होते. तिच्या दोन्ही मुठींत आईचा पदर होता आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"आई," मधल्या खोलीतून पुन्हा आलं. या वेळी थोडं रडवेलं.

जायचं नाही, हे तिला कळत होतं. कळण्याचा पायांशी काही संबंध नव्हता. दार ढकललं तेव्हा अंधाराला ज्वारीचा आणि जुन्या कापसाचा वास होता. पोती दिसली. ट्रंकेची कड दिसली. मग ट्रंक आणि वाकळांच्या थप्पीमधल्या फटीत, जमिनीपासून जेमतेम हातभर उंचीवर, तिला दोन लहान हात दिसले. हातच फक्त. वर केलेले. कोणीतरी उचलून घ्यावं म्हणून बसतं मूल करतं तसे, बोटं उघडमीट करणारे.

"आई."

"ओ," कोकिळा म्हणाली.

म्हणजे तिचे ओठ हलले, घशात कंप झाला. आणि "ओ" आला तो आतून, ट्रंकेपलीकडून. तिचाच आवाज, लाडातला, जरा उशिरा. "ओ गं माझी बाई, आले, आले." हे एवढं तर ती बोललीही नव्हती.

ते हात वर उचलले गेले. जमिनीपासून सुटून वर, आणखी वर, कडेवरच्या मुलाच्या उंचीला आले आणि तिथे कशाच्या तरी गळ्याभोवती मिटले. अंधारात बांगड्या किणकिणल्या. कोकिळेने आपल्या हातांकडे पाहिलं. रंजूला थोपटणारा हात हलत होता, काचेच्या बांगड्या एकमेकींवर आपटत होत्या. त्यांचा आवाज नव्हता.

तिने धुरपताला हाक मारली. सगळा जीव एकवटून, छाती दुखेपर्यंत. पुन्हा मारली. रंजूनेही तोंड उघडलं होतं. दोघी मायलेकी त्या दारात, उन्हाच्या काड्यांमध्ये, तोंडं वासून उभ्या होत्या, आणि ट्रंकेपलीकडून कोणीतरी रोजच्या, जरा वैतागलेल्या सुरात म्हणालं, "अगं धुरपता, ये जरा इकडे."

"आली जी, वहिनी!"

मागच्या अंगणात भांडं ठेवल्याचं वाजलं. पावलं स्वयंपाकघरात आली. मधल्या खोलीचं पलीकडचं दार उघडलं, ओले हात लुगड्याला पुसत धुरपता आत शिरली, आणि तिने समोरच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही.

"द्या जी इकडे," ती अंधाराला म्हणाली आणि दोन्ही हात पुढे केले. "मी घेतो तिले. तुम्ही बसा घडीभर."